वाळूचे टायर, चिखलाचे टायर

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे माझा धाकटा भाऊ मिलिंद बहारीनहून फोनवर म्हणाला, "ताई, या थंडीत येच. मला माउंटन बाइक घ्यायचीय, तू असताना घेऊ," तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माउंटन कुठंय तिथं?"

बहारीन मी फळ्यावर कितीदा काढलाय. खडूचा एक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. सगळा देश ताटात थापलेल्या थालीपीठासारखा सपाट. मधोमध एक उंचवटा आहे, त्याला ते धुराचा डोंगर म्हणतात. सातवीच्या पेपरात कुणी त्याला डोंगर लिहिलं असतं तर मी अर्धा मार्क कापला असता.

"आहे तेवढा पुरतो गं," मिलिंद म्हणाला.

मी निघाले, पण सायकलीसाठी नाही. मला आईनं पाठवलं. नाशिकरोडला आमच्या घरावर मिलिंदनं वरचा मजला बांधलाय, त्याला आता बरीच वर्षं झाली. ओटा आहे, फरशी आहे, नळांवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. "पुढच्या वर्षी येतोय कायमचा," हे तो मजला बांधायच्या आधीपासून सांगतोय. दरवर्षी सुट्टीत येतो आणि झोपतो खालीच, आईच्या खोलीत. आता आमच्या ओळखीचे चव्हाण मास्तर आणि त्यांची बायको वरची जागा भाड्यानं मागत होते. चांगली माणसं, पण त्यांना हो की नाही एकदाचं हवं होतं.

"तू जा आणि बघून ये," आई म्हणाली. "तो येणारे की नाही ते."

"विचारते ना सरळ."

"विचारायचं नाही. विचारलं की तो पुढच्या वर्षी म्हणतो. बघायचं."

म्हणजे मी पाहुणी म्हणून गेले आणि काम मिळालं हेराचं.

सनद

विमान, रांगा, शिक्के हे सगळीकडे सारखंच, ते सोडून देते. मिलिंद राहतो ते सनद राजधानी मनामाच्या दक्षिणेला आहे. म्हणायचं गाव, पण आपल्या डोळ्यांना ते गाव दिसत नाही. फिकट रंगाची घरं, पुरुषभर उंच कुंपणं, लोखंडी दारं, दारांत मांजरी. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"माणसं कुठं गेली सगळी?" मी विचारलं.

"इन देअर कार्स, आत्या," रिया म्हणाली. ही मिलिंदची मुलगी, बारावीच्या उंबरठ्यावरची. तिला मराठी सगळं कळतं, टोमणेसुद्धा. उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी मराठीत रागावते, ती इंग्रजीत सॉरी म्हणते, आमचं छान चालतं.

मिलिंद सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात मशिनं दुरुस्त करतो. त्याची बायको सुजाता लहान मुलांच्या शाळेत शिकवते. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पितळी समई, शेजारी रियाची पोहण्याची मेडलं. मी काळा मसाला, कुरडया, नाचणीचे पापड आणि शेवग्याच्या शेंगा काढल्या. शेंगा पाहून सुजाताचा चेहरा असा उजळला की माझ्या नव्या साडीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. रात्री शेंगांची आमटी झाली आणि बरोबर कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याची थाळीएवढी रोटी. खुबूस म्हणतात तिला. आपली भाकरी ती नव्हे, पण आमटीत बुडवली की ती कुरकुर करत नाही.

झोपायला गेले. बॅग पलंगाखाली सरकवायला लागले तर सरकेना. वाकून बघते तो खाली सगळी खोकी! मिक्सरचं खोकं, टीव्हीचं, इस्त्रीचं, रियाच्या लहानपणीच्या बाबागाडीचं. प्रत्येकात मूळचं थर्माकोल जपून ठेवलेलं. आमच्याकडे पलंगाखाली कांदे-बटाटे असतात.

"हे काय गं?" मी सुजाताला विचारलं.

"जाताना पॅक करायला लागतात ना, ताई. इथं कुणाच्याही पलंगाखाली वाका, हेच दिसेल. झाडू मारताना माझी कंबर जाते, पण हे टाकू देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी आईला फोनवर हे सांगितलं.

"सगळ्यांची ठेवलीत खोकी?"

"बाबागाडीचं पण."

"मग येतोय तो," आई म्हणाली. तिचा आवाज इतका हलका मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

सायकलीचा विषय मिलिंदनं जेवताना काढला. मला वाटलं होतं, रंग निवडायचा आणि घंटी वाजवून बघायची, संपलं. कसलं काय! सायकलीची फ्रेम म्हणजे सांगाडा म्हणे तीन प्रकारचा. अॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण खडकावर बसतं कडक, हाडं वाजवतं. स्टील जड, पण जरा लवचिक, धक्का पोटात घेतं, आणि गंजतं. कार्बन सगळ्यात हलका आणि नाजूक. आणखी टायटॅनियमही असतं, पण त्याचं नाव घेताना मिलिंदनं आवाज खाली आणला, म्हणून मीही पुढे विचारलं नाही.

"अॅल्युमिनियमच बरं," सुजाता म्हणाली. "इथली हवा खारट. बाल्कनीतला स्टँड बघा, दोन उन्हाळ्यांत तांबडा झाला."

"स्टीलचा एक फायदा आहे पण," मिलिंद ताटाकडे बघत म्हणाला. "कुठं तडा गेला तर आपल्या कोपऱ्यावरचा गेट-ग्रिल करणारा वेल्डरसुद्धा जोडून देतो. अॅल्युमिनियमला तो हात लावणार नाही."

मी घास तसाच ठेवला. सनदच्या कोपऱ्यावर तंदूरवाला आहे. वेल्डर आहे तो नाशिकरोडला, आमच्या घरासमोर. सुजाताच्याही लक्षात आलं असावं, कारण तिनं आमटीचा डाव भांड्यात जरा जोरात ठेवला.

तेव्हा मला उजेड पडला. हा सायकल निवडत नव्हता, कुठं राहायचं ते निवडत होता. आणि मी, जिला साध्या सायकलची चेन चढवता येत नाही, त्या क्षणापासून स्टीलची कट्टर भक्त झाले.

"स्टीलच घे," मी म्हणाले. "वस्तू कशी जन्माची हवी."

"ताई, गंजेल हो," सुजाता गोड आवाजात म्हणाली.

"तेल लावायचं."

"रोज?"

"मी लावून देईन."

"तुम्ही तर पुढच्या आठवड्यात निघणार."

पुढचे सगळे दिवस आम्ही नणंद-भावजय असंच भांडलो, अत्यंत प्रेमानं आणि फक्त धातूंबद्दल. खरा विषय दोघींनीही एकदाही काढला नाही.

जुफैर

मिलिंदचे एक स्नेही आहेत, लिमये. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला जुफैरला. जुफैर म्हणजे सनदच्या अगदी उलट. काचेच्या उंच इमारती, खाली ओळीनं हॉटेलं, जवळच परदेशी आरमाराचा तळ, टॅक्सीतून उतरणारे दांडगे गोरे सैनिक. लिमये फार वरच्या मजल्यावर राहतात. लिफ्टमध्ये माझ्या कानांना दडे बसले.

लिमयांनी सायकल दिवाणखान्यात ठेवली होती. कार्बनची. एका बोटानं उचलून दाखवली. मग माझ्याही बोटानं उचलवली.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"उपाशी आहे बिचारी," मी म्हणाले. मिलिंदनं माझ्याकडे डोळे वटारले.

सायकलीचं मागचं चाक काढून ती एका यंत्रावर बसवलेली होती आणि समोर मोठा पडदा. लिमये रोज संध्याकाळी एसी लावून तिच्यावर बसतात आणि पडद्यावर युरोपातले बर्फाचे घाट चढतात. आमच्यासमोरही एक घाट चढून दाखवला. घाम पुसत म्हणाले, "इथं बाहेर चालवण्यात अर्थ नाही हो, ताई. उन्हाळ्यात मरण, हिवाळ्यात धूळ. आणि कार्बनला खडक लागला की तडा. म्हणून हिला जमिनीवर नेतच नाही."

म्हणजे सपाट देशात, ढगांजवळच्या मजल्यावर, कधी जमिनीला न लागलेली डोंगरातली सायकल. मी मनातल्या मनात हात जोडले.

चहाबरोबर बाकरवडी आली. लिमयांनी मायेनं चौकशी केली, नाशिकचे का, कुठला भाग, आडनाव काय. "जाधव," मी म्हणाले. "अच्छा, जाधव," ते म्हणाले आणि जरा थांबले. जाधव आडनावापुढे असं थांबणारी माणसं मी लहानपणापासून ओळखते. पुढचा प्रश्न त्यांनी गिळला, मीही बाकरवडी खाल्ली. बाकी माणूस लाघवी आहे. निघताना मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी ठरव, चालवणार कुठं. फ्रेम आपोआप ठरते."

"तेच तर," मिलिंद म्हणाला.

साखीर

शुक्रवारी सकाळी आम्ही साखीरच्या वाळवंटात गेलो. सायकलींच्या दुकानानं मिलिंदला चालवून बघायला दोन सायकली दिल्या होत्या, एक अॅल्युमिनियमची आणि एक स्टीलची. मुद्दाम दोन्हींना टायरही वेगवेगळे. अॅल्युमिनियमवाल्या सायकलीच्या टायरांचे दात बुटके आणि जवळजवळ, टणक वाळूवर आणि बारीक खडीवर भराभर पळणारे. स्टीलवालीचे दात उंच आणि लांब-लांब.

"हे दात असे विरळ का?" मी विचारलं.

"मधे चिखल अडकू नये म्हणून. चाक फिरलं की निघून जातो."

मी वाळवंटाकडे पाहिलं. क्षितिजापर्यंत चिखलाचं नाव नव्हतं. पण हेराला तेवढं पुरे होतं. "आपल्या काळ्या मातीत दुसरे टायर चालायचेच नाहीत," मी भूगोलाच्या आवाजात म्हणाले. "रेगूर मृदा. ओली झाली की बुटक्या दातांत लिंपून बसते, चाक जागचं हलत नाही."

"वाळू आहे ही, ताई," सुजातानं आठवण करून दिली.

वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातल्या सोनेरी टेकड्या होत्या. इथं होती करडी, खरखरीत जमीन, चुनखडीचे दगड, काटेरी झुडपं, मधूनच तेलाच्या नळांची रांग, आणि लांब तो धुराचा डोंगर. मी त्याला डोंगर म्हणून मान दिला. पाहुणीनं जास्त तोंड उघडू नये. हिवाळ्यात मात्र ही जागा जिवंत होते. घरं सोडून माणसं इथं तंबू ठोकून राहतात. तंबूत गालिचे, टीव्ही, बाहेर जनरेटर, मुलांचे झोपाळे. राहायला चांगलं घर आहे आणि ते वीसेक मिनिटांवर आहे, तरी आनंदानं तंबूत. आमच्याकडे तंबूत राहायची वेळ आली तर लोक अर्ज करतात.

मिलिंद आधी अॅल्युमिनियमवर गेला आणि धूळ उडवत दिसेनासा झाला. मग स्टीलवर. स्टीलवरून आला तो हसत आला, दात दाखवून, लहानपणी उतारावरून हात सोडून यायचा तसा. "ताई, हिच्यावर बसलं ना, की आपल्याकडच्या त्रिरश्मी लेण्यांच्या मागची वाट आठवते. ती दगडांची, करवंदीच्या जाळीतून उतरते बघ." मी सुजाताकडे विजयानं पाहिलं. ती रियाच्या शालीची घडी घालत होती, एका शालीची चारदा.

मग मला हुक्की आली. म्हटलं, मीही बसते. शाळेत असताना मी वडिलांच्या सायकलवर कैची मारून जायचे, म्हणजे दांड्याखालून पाय घालून. इथं दोन्ही पायांनी बसले, थोडी गेलेही, आणि सरळ एका काटेरी झुडपात शिरले. मला काही झालं नाही. टायरमध्ये मात्र काटा घुसला आणि त्या भोकातून पांढरी पिचकारी माझ्या ड्रेसवर उडाली. आजकालच्या टायरात ट्यूब नसते म्हणे, आत चिकट द्रव भरलेला असतो, तो भोक आपोआप बुजवतो. बुजवलं, पण आधी मला रंगवून. रिया पोट धरून हसत होती. हसता हसता ती पहिल्यांदाच मराठीत ओरडली, "आत्या, थांब, चालवू नकोस!"

आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या तंबूतून एक म्हातारे गृहस्थ आले, पांढरा झब्बा, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल. अबू खालिद. मला बसवलं, पाणी दिलं, माझा ड्रेस पाहून त्यांच्या बायकोनं आतून ओला टॉवेल आणला. हिंदी फर्डी. वडील मुंबईशी मोत्यांचा धंदा करायचे, हे त्यांनी चहा यायच्या आत सांगितलं. निघाले ते आमच्या सनदचेच, दोन गल्ल्या पलीकडचे. मिलिंदला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं आणि मिलिंदनं त्यांना. वर्षानुवर्षांचे शेजारी वाळवंटात भेटले.

न्याहारी आली बलालीत. म्हणजे आपल्या गोड शेवया, केशर-वेलची घातलेल्या, आणि वरती, बसा नीट, अंड्याचं ऑम्लेट. मी आधी कडेकडेनं शेवया खाल्ल्या. मग यजमानांचं मन राखायला दोन्ही एकत्र तोंडात घातलं, आणि बाई गं, चांगलं लागतं! नाशिकला येऊन मी करून पाहिलं, घरात कुणी खाल्लं नाही.

अबू खालिदनी सायकलीवरून हात फिरवला. "ये पहाड़ का साइकिल है?"

"जी."

"पहाड़ किधर?"

मिलिंदनं लांबच्या उंचवट्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं तिकडे बघितलं, मग मिलिंदकडे, आणि शहाण्या माणसासारखा विषय बदलला. मग विचारलं, "वापस कब जाएगा इंडिया?"

"नेक्स्ट इयर. इंशाल्ला."

अबू खालिद इतके हसले की त्यांचा चहा सांडला. "माफ करना. मेरे वालिद की दुकान में एक इंडियन मुनीम था. वो भी यही बोलता था. मैं छोटा बच्चा था, तब से सुन रहा हूँ."

"फिर गया वो?" सुजातानं विचारलं. तिनं इतक्या पटकन विचारलं की मी तिच्याकडेच बघत राहिले.

"उसके पोते का यहाँ गैरेज है," अबू खालिद म्हणाले. "अच्छा काम करता है."

सुजाता हसली नाही. मिलिंदही नाही. मी आणखी शेवया वाढून घेतल्या.

दुकान

दुकान मनामाच्या बाहेर, रुंद रस्त्यावर. मालक-विक्रेता सगळं एकच, बिजू, केरळचा. त्याचा स्वभाव फार चांगला, तो सगळ्यांना हो म्हणतो. मी म्हणाले स्टील मजबूत, तो म्हणाला, "एकदम करेक्ट, मॅडम." सुजाता म्हणाली अॅल्युमिनियमला गंज नाही, तो म्हणाला, "हंड्रेड परसेंट, मॅडम." मिलिंद दोन सायकलींच्या मधे उभा होता, एका हँडलवर एक हात, दुसऱ्यावर दुसरा. मी एका बाजूला, सुजाता दुसऱ्या. रिया मागे टेकून फोन बघत होती.

मी शेवटचा जोर लावला. स्टीलचा धक्का खाण्याचा गुण सांगितला, वेल्डर सांगितला, काळी माती पुन्हा सांगितली. सुजाता एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही जिथं चालवणार त्या हिशेबानं घ्या." लिमये हेच बोलले होते. पण लिमयांना उत्तर द्यावं लागत नाही.

मिलिंदनं रियाकडे बघितलं. ती मान वर न करता म्हणाली, "पप्पा, जस्ट गेट द वन यू विल राइड."

"अॅल्युमिनियम," मिलिंद बिजूला म्हणाला.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्या निर्जीव धातूचा राग आला, सुजाताचा आला, आणि भावाचा तर फारच.

"टायर ये ही रखूँ? डेजर्ट वाला?"

"हाँ." मग जरा थांबून, "और एक जोड़ी कीचड़ वाला भी दे दो. अलग से."

सुजातानं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आता जिंकलं कोण, हे दोघींनाही कळेना. तिनं माझा हात धरला.

सायकल तयार होऊन बाहेर आली. बिजूनं मागून कपाटाएवढं खोकं ओढत आणलं. "सर, कार्टन गाडी में रखूँ? सब इंडियन लोग लेता है, वापस जाने के टाइम काम आता है."

मिलिंद त्या खोक्याकडे बघत राहिला. त्यानं कडांवरून हात फिरवला, आतला पुठ्ठा चाचपला. ज्या माणसानं बाबागाडीचं थर्माकोल जपलं, त्याला चांगलं खोकं लगेच कळतं.

"नहीं," तो म्हणाला. "फेंक दो. खलास."

आणि गंमत बघा, सुजाताच कासावीस झाली. "अहो, राहू द्या ना! घेऊ. मावेल गाडीत."

"ठेवायचं कुठं? पलंगाखाली जात नाही ते."

"बघू ना कुठंतरी. गच्चीवर ठेवू."

"सुजाता, राहू दे," मिलिंद म्हणाला. इतक्या हळू की बिजूनं तोंड फिरवून उगाच पंप पुसायला घेतला. जिला अॅल्युमिनियम हवं होतं ती बाई घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती. माझे डोळे कोरडे होते, कारण मी आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

निघताना

बॅग भरताना मिलिंद खोलीत आला. हातात ते चिखलाचे टायर, दुमडून दोरीनं बांधलेले. मी भरलेला हलवा आणि खजूर त्यानं बॅगेतून काढले आणि त्या जागी टायर ठेवले.

"हे घेऊन जा, ताई. वर ठेव."

"सायकल इथं, टायर तिथं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आलो की लागतील."

आई म्हणाली होती विचारायचं नाही. पण मी दार लावून घेतलं आणि विचारलं. "मिल्या, येणारेस का? पुढच्या वर्षी नको सांगू. मी आईला काय सांगू ते सांग."

तो पलंगावर बसला. खालची खोकी दबून कुरकुरली.

"मला यायचंय, ताई. रोज संध्याकाळी कामावरून सुटलो की त्या लेण्यांमागच्या वाटेनं उतरतो मनातल्या मनात. कुठला दगड कुठं आहे ते पाठ आहे. पण रियाला तिथं करमायचं नाही, सुजाताची शाळा इथं आहे, आणि माझी हाडंही आता इथल्या एसीला सोकावलीत. यायचंय हेही खरं आणि येणं होईलसं दिसत नाही हेही खरं. आईला काय सांगायचं ते तूच ठरव. मला नाही जमायचं."

मला त्याला रागवायचं होतं. मी मोठी आहे, तो हक्क माझा आहे. पण तो लहानपणी ताप आल्यावर बसायचा तसाच गुडघे जवळ घेऊन बसला होता. मी टायरांवर साडी पसरली आणि बॅगेची चेन ओढली. आम्ही दोघं थोडा वेळ रडलो आणि मग सुजातानं चहाला हाक मारली.

मुंबईला विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. साडीखालचे टायर वर काढले.

"सायकल कुठाय?"

"बहारीनला."

"मग टायर का आणलेत?"

"टायर पुढे आलेत. सायकल मागून येईल," मी म्हणाले. त्यानं माझं वय बघितलं आणि जाऊ दिलं.

नाशिकरोड

आई ओट्यावर बसून वाट बघत होती. खजुराची चौकशी झाली नाही, प्रवासाची झाली नाही. टायर मात्र तिनं मांडीवर घेतले, दोरी सोडली, उंच दातांवरून अंगठा फिरवला.

"चिखलाचे आहेत," मी घाईनं म्हणाले. "तिथं चिखल नसतोच, आई. इथल्यासाठीच घेतलेत त्यानं. वर ठेवायला सांगितलेत, आला की लागतील म्हणाला."

वाटेत सगळं जुळवलेलं होतं, छान बोलले मी. आई ऐकत होती. दातांच्या फटीतून तिनं नख फिरवलं. माती कुठून निघणार, कोरे होते ते.

"आणि सायकलीचं खोकं?" तिनं विचारलं. "ते ठेवलंय ना त्यानं?"

"हो तर," मी म्हणाले. "पलंगाखाली. बाकीच्यांबरोबर."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलला.

"अख्ख्या सायकलीचं खोकं," ती म्हणाली, "पलंगाखाली मावलं?"

मी पाणी प्यायले. सगळा तांब्या संपवला. आईनं टायर पुन्हा दुमडले, दोरी होती तशीच बांधली, गाठ मारली आणि वर एक निरगाठ.

"चव्हाण मास्तरांना सांग, जागा दिली म्हणून," ती म्हणाली. "मागची खोली सोडून."

"मागची का सोडायची?"

"मग हे कुठं ठेवायचे?"